दोन पालथी ताटं

१

"दोन पालथी ताटं, वाट पाहणारा बाप आणि न आलेली निष्ठुर लेक!"

शुक्रवारच्या अंकात, पहिल्या पानावर, चांगल्या ठसठशीत अक्षरांत हा मथळा आला आणि सोमवारपर्यंत माझ्या टेबलावरचा फोन काही थंड झाला नाही.

माझं टेबल म्हणजे तक्रारींचं टेबल. आमच्या वर्तमानपत्राबद्दल वाचकाला बरंवाईट बोलायचं असलं की त्याला माझ्याकडे ढकलतात. जागा जिन्याखाली, जिथे पूर्वी मोडक्या खुर्च्या टाकायचे. ऑफिसात मला पाठीमागे 'कटकट' म्हणतात आणि तोंडावर 'मॅडम'. मला ते ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे, त्यामुळे सगळं सुरळीत चालतं. येणाऱ्या फोनांपैकी निम्मे तक्रारीचे नसतातच. शब्दकोडं चुकलं म्हणून फोन करतात आणि मग हळूच विचारतात, तुमच्याकडे पाऊस आहे का हो? एकाच गावात राहतो आम्ही! पण मी म्हणते, आहे थोडासा. एकट्या माणसाला एकट्या माणसाचा आवाज बरोबर ओळखू येतो. फोन ठेवायची मलाही घाई नसते. घरी जाऊन मी तरी कोणाशी बोलणार आहे?

या वेळचे फोन मात्र निराळे होते. एक गृहस्थ चक्क रडत होते; मथळा वाचून त्यांनी म्हणे कैक दिवसांनी आईला फोन लावला होता. एक बाई म्हणाली, त्या मुलीला भर चौकात उभी करा. आणि एक माणूस अगदी शांतपणे, साखरेचा भाव विचारावा तसा म्हणाला, "तिचा पत्ता द्या." मी फोन आपटला. त्याचा आवाज नंतर बराच वेळ कानातून जाईना.

सोमवारी दुपारी जिन्याखाली एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीच्या आसपासची, खांद्यावर बाळाच्या दुधाचा सुकलेला डाग, डोळे सुजलेले.

"बसा. काय तक्रार आहे?" मी म्हणाले.

"ती निष्ठुर लेक मीच," ती म्हणाली.

बातमीत तिचं नाव नव्हतं. पण म्हातारा म्हणजे गल्लीतला निवृत्त चष्मेवाला, मुलगी पाळणाघर चालवते, एवढं छापलं होतं. आजूबाजूच्यांना तेवढं पुरेसं होतं. जिला स्वतःचा बाप सांभाळता आला नाही, ती आपली पोरं काय सांभाळणार, असं म्हणत आयांनी पोरं काढून नेली होती. भरल्या पाळणाघरात आता एकच बाळ उरलं होतं, आणि तेही त्याच्या आईला दुसरी सोय झाली नव्हती म्हणून. फाटकावर कुणीतरी कोळशाने 'निष्ठुर' लिहून ठेवलं होतं.

"ते मी पुसलं," ती म्हणाली. "पाळणाघराचंही मी बघून घेईन. मला एकच विचारायचंय. ताटांचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पोलिसांनी सांगितलं असेल. नाहीतर शेजाऱ्यांनी."

"कुणीच सांगितलं नसणार, मॅडम. ती ताटं कुणी पाहिलीच नाहीत. दार माझ्या किल्लीने मी उघडलं. डॉक्टर यायच्या आधी मीच ती उचलून मांडणीत ठेवली. आजवर मी कुणाजवळ अवाक्षर काढलेलं नाही."

२

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर चष्मेवाल्याच्या घरी गेले. साहेबांना सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जातेय. त्यांनी वर मान करूनही पाहिलं नाही.

वाटेत तिने सगळं सांगितलं. ती पाळणाघराच्याच वरच्या खोलीत एकटी राहते. दर रविवारी बापाकडे जायची, आणि रोज संध्याकाळी पोरं गेली की त्याला फोन करायची. एक दिवस चुकायचा नाही. मंगळवारी फोनवर ती सहज बोलून गेली होती, "बाबा, जमलं तर उद्या येऊन जाते." जमलं नाही. बुधवारी संध्याकाळी फोन केला तर उचलला नाही. लवकर झोपला असेल असं वाटलं. गुरुवारी सकाळी जाऊन पाहते तर बाप खुर्चीत, मान कलंडलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, क्षणात गेले, त्रास झाला नसेल. आणि समोर टेबलावर दोन ताटं.

"मी सहज बोलले हो," ती म्हणाली. "पण त्यांनी मनावर घेतलं असणार. ताट मांडून माझी वाट बघत बसले. ते दुसरं ताट मला बघवेना, म्हणून उचललं. मथळा आला तेव्हा पहिल्यांदा राग आला. आता रोज वाचते, आणि रोज थोडं थोडं पटत जातं."

"रोज वाचता? कशाला?"

"चुकून काही दुसरं लिहिलेलं असेल म्हणून."

मी तिच्या हातावर हात ठेवला. मला असलं काही फारसं जमत नाही, पण ठेवला.

घर लहान आणि अगदी नेटकं. खिडकीपाशी म्हाताऱ्याचं कामाचं टेबल. दुकान बंद केल्यावरही तो गल्लीतल्या लोकांचे चष्मे दुरुस्त करून द्यायचा. बारीक स्क्रू-ड्रायव्हर उंचीप्रमाणे मांडलेले, आणि एका बशीत चष्म्याची एकच काडी. काळी, जाड, तिच्या टोकाला नवा कोरा स्क्रू. मी इकडेतिकडे पाहिलं. काडी होती, पण तिचा चष्मा कुठेच नव्हता.

जेवायच्या टेबलाला दोन खुर्च्या. एकीवर म्हातारा बसायचा. दुसरीवरची गादीही मधोमध चांगली दबलेली होती.

"रविवारी तुम्ही या खुर्चीवर बसता?" मी विचारलं.

"छे! रविवारी आम्ही पलंगावर बसून जेवतो, टीव्हीसमोर. लहानपणापासून तेच."

"आणि ताटं पालथी का घातली असतील?"

"पाहुणा येईपर्यंत धूळ पडू नये म्हणून. माणूस दारात आला की सुलटं करायचं. आई होती तेव्हापासूनची पद्धत. माझ्यासाठी कधी नाही केलं. मी काय, घरचीच. म्हणून तर वाटतं, त्या दिवशी खास माझ्यासाठी..."

बाई शहाणी होती. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर तिने क्षणात उलगडा केला असता. पण मथळ्यातल्या त्या एका शब्दाने तिच्या डोळ्यांना अशी झापडं लावली होती की सरळ समोरचं दिसत नव्हतं.

मला एवढं कळलं होतं की या घरात कुणीतरी येत होतं. त्याच्यासाठी ताट पालथं पडत होतं. आणि मथळा लिहिणाऱ्याला ते ठाऊक होतं. म्हणजे तो माणूस आमच्याच ऑफिसात, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर बसत होता. पण नुसतं वाटून काय उपयोग? नाव हवं.

निघताना दाराला कुलूप लावता लावता ती म्हणाली, "मॅडम, त्या ताटाचा मालक मला शोधून द्या. मीच निघाले तर तसंही सांगा. पण सांगा."

३

पहिल्यांदा मी बातमीदाराला धरलं. त्याला ऑफिसात 'धूमकेतू' म्हणतात, कारण तो क्वचित दिसतो आणि दिसला की सगळे बाहेर येऊन बघतात.

"मी काय लिहिलं होतं? 'वृद्धाचा राहत्या घरी मृत्यू'," तो म्हणाला. "दोन परिच्छेद. ताटंबिटं माझ्या बातमीत शोधून दाखवा."

मी शोधली होती. नव्हती. "पण तू त्या घरात आधी कधी गेला असशील. बघितली असशील. डेस्कवर कुणाजवळ बोलला असशील."

तो चुळबुळ करू लागला. कपाळावर घाम. माझ्या मनात आलं, सापडला!

"मॅडम, कुणाला सांगू नका," तो माझ्याजवळ सरकून पुटपुटला. "मी गेलोच नव्हतो. पोलिस चौकीला फोन केला, खालच्या दुकानदाराला फोन केला, झालं. गाडी पंक्चर होती."

"आणि 'घटनास्थळी शोककळा पसरली होती' असं छापलंय ते?"

"ती पसरतेच हो."

कपाळाला हात लावला मी. हा गडी खोटा खरा, पण या कामापुरता निर्दोष. जो घरातच गेला नाही त्याला ताटं कुठून दिसणार?

मग वेबसाइटवाली. तिला सगळे 'आकडेवाली' म्हणतात. कोणत्या शब्दावर किती लोक बोट टेकवतात याचा हिशेब तिच्या पडद्यावर दिवसभर नाचत असतो. पोरगी हुशार, मनाने वाईट नाही. फक्त तिला वाचक दिसतात ते सगळे मुंग्यांएवढे.

"हा मथळा? वर्षातला सगळ्यात मोठा!" तिचे डोळे चमकले. "मीच शोधतेय कुणी लिहिला. त्याच्याकडून आणखी पाच लिहून घेईन."

"तू नाही लिहिलास?"

"मी? 'निष्ठुर' लिहीन मी?" ती हसली. "ही आमची यादी बघा. धक्कादायक, क्रूर, संतापजनक, थरकाप. 'निष्ठुर' कुणी म्हणतं का आता? माझी आजी म्हणायची. आणि उद्गारचिन्ह एकच? आम्ही तीन देतो."

म्हणजे लिहिणारा जुन्या वळणाचा. त्याला रडवायचं होतं, पण रडवण्याची सवय नव्हती.

"तुला एक विचारू?" मी म्हणाले. "त्या बाईचं पाळणाघर ओस पडलंय. ते तुझ्या आकड्यांत कुठे दिसतं?"

तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तसा रकाना नाहीये, मॅडम," ती म्हणाली. आणि खरं सांगायचं तर तिचा आवाज जरा पडला.

मी निघता निघता तिने एक गोष्ट सांगितली, आणि मी जिन्यातच थबकले. "गंमत म्हणजे, एरवी मथळा गाजला की चहाच्या वेळी तीन-तीन जण आपणच सुचवला म्हणून सांगतात. या वेळी कुणी तोंडच उघडत नाहीये."

४

तोंड उघडणारा एक जण निघाला. खुद्द संपादक, आमचे साहेब.

"मथळ्याचं श्रेय मी घेत नाही," साहेब म्हणाले. म्हणजे घेत होते. "पण काळजाला हात घाला, हे मीच शिकवतो ना सगळ्यांना? रडणारा वाचक दुसऱ्या दिवशी परत येतो. आणि मॅडम, त्या मथळ्यामुळे किती जणांनी आईबापांना फोन केले असतील! हे पुण्य नाही का?"

हे मला नाकारता येईना. तो रडणारा गृहस्थ मला आठवत होता. पण दुसरा, पत्ता मागणारा, तोही आठवत होता. दोघांनी एकच मथळा वाचला होता.

"साहेब, ताटं पालथी का होती?" मी विचारलं.

"अं? जेवून झाल्यावर पालथी घालतात ना. म्हणजे, म्हातारा बिचारा एकटाच जेवला आणि..."

"दोन्ही ताटांत?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. ज्याला स्वतःचा मथळा समजत नाही, त्याने तो लिहिलेला नसतो. आणि त्यांच्याच बोलण्यातून कळलं, गुरुवारी साहेब संध्याकाळपासून ऑफिसातच नव्हते. दाताच्या डॉक्टरकडे होते. खरोखरीच्या.

"गुरुवारी पान छपाईला सोडलं कुणी मग?" मी विचारलं.

"कोण सोडणार? मास्तर!"

मी उठता उठता परत बसले.

मास्तर म्हणजे आमचे मुख्य उपसंपादक. जन्मभर त्यांनी एकच काम केलं, विशेषणं छाटायचं. 'भीषण आग' आली की 'भीषण' कापणार. आगीला आग म्हटलं की पुरतं, बाकी वाचकाला कळतं, असं म्हणणार. त्यांचे मथळे इतके कोरडे असायचे की वाचताना पाणी प्यावंसं वाटे. आणि त्यांचा एक नियम प्रत्येक नव्या पोराला घोटून घोटून शिकवलेला होता: जे मथळ्यात आहे ते बातमीत सापडलंच पाहिजे.

ताटं बातमीत नव्हती. 'निष्ठुर' समोर धडधडीत होतं. आणि मास्तरांच्या लाल पेनाने ते दोन्ही जाऊ दिलं होतं!

५

मी वरच्या मजल्यावर गेले. मास्तर आपल्या जागी, भिंतीकडे तोंड करून. त्यांच्याशेजारची खुर्ची नेहमी रिकामी असते. तिथे बसलं की शुद्धलेखन शिकावं लागतं, म्हणून कुणी बसत नाही.

"मास्तर, गुरुवारचं पहिलं पान तुम्ही सोडलंत?"

"सोडलं." ते पडद्यावरून नजर हलवेनात.

"'निष्ठुर' दिसलं नाही?"

"नजरचूक झाली, बाई. वय झालं. चष्माही धड नाही."

तेव्हा मी त्यांच्या चष्म्याकडे पाहिलं. काळी, जाड फ्रेम. डाव्या बाजूला काडी. उजव्या बाजूला काडीच्या जागी दोरा, कानाभोवती गुंडाळून गाठ मारलेला.

मला बशीतली काडी दिसली, नवा कोरा स्क्रू लावलेली.

"दुरुस्त का नाही करून घेत?" मी विचारलं.

"दिली होती दुरुस्तीला," ते म्हणाले. आणि दोऱ्याची गाठ पुन्हा आवळली.

पुढचा प्रश्न तिथे विचारण्यासारखा नव्हता. आजूबाजूला सगळे होते. खाली येऊन मी भिंतीवरचा सुट्ट्यांचा तक्ता पाहिला. मास्तरांची साप्ताहिक सुट्टी बुधवारी.

६

बुधवारी दुपारी मी त्यांच्या खोलीवर गेले. दार त्यांनी लगेच उघडलं, जणू दारामागेच उभे होते.

खोलीत एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. एक कप. मी किती घरं पाहिली, स्वतःचंही रोज पाहते, पण इतक्या वस्तू एकेकट्या मी कुठे पाहिल्या नव्हत्या. खुर्ची त्यांनी मला दिली आणि स्वतः खिडकीला टेकून उभे राहिले.

पर्समधून ती काडी काढून मी टेबलावर ठेवली. लेकीकडून मागून आणली होती. कशाला हवी ते सांगितलं नव्हतं.

मास्तरांनी काडी उचलली. स्क्रूवरून अंगठा फिरवला. आणि हा माणूस, ज्याने त्या मथळ्याआधी जन्मात एक उद्गारचिन्ह छापू दिलं नाही, तो हुंदके देऊन रडायला लागला.

"केली होती त्याने," ते म्हणाले. "पूर्ण केली होती."

मी थांबले. मला रडणाऱ्या माणसाला गप्प करता येत नाही. फोनवरही मी थांबतेच.

"दर बुधवारी मी जायचो," मास्तर सांगू लागले. "चष्म्याचा नंबर काढायला म्हणून पहिल्यांदा गेलो. दुकान बंद करायची वेळ झाली होती, म्हणाला, चला, दोन घास खाऊन जा. मग दर बुधवारी जायला लागलो. तो ताटं मांडून पालथी घालायचा. मी दारात दिसलो की सुलटी करायचा. फार बोलायचो नाही आम्ही. तो जेवण बेताचंच करायचा, मी मीठ मागायचो, तो म्हणायचा, विशेषणं नकोत ना तुला, मग मीठ कशाला? हाच एक विनोद. दर बुधवारी."

"आणि गेल्या बुधवारी?"

"नाही गेलो."

"काम होतं?"

"कामच असतं तर बरं झालं असतं, बाई. कंटाळा आला होता. नुसता कंटाळा. पलंगावर पडून राहिलो. फोनही केला नाही. म्हटलं, पुढच्या बुधवारी जाऊ. काडीचं काय, आठवडाभर दोऱ्यावर भागेल." त्यांनी डोळे पुसले. "गुरुवारी डेस्कवर बसलो. त्या धूमकेतूची बातमी आली. 'वृद्धाचा राहत्या घरी मृत्यू.' सवयीने पेन घेतलं. 'राहत्या' छाटला. आणि मग पत्ता वाचला."

मित्र गेल्याचं या माणसाला असं कळलं, पेन हातात असताना.

"आजूबाजूला सगळे चहा पीत होते. कुणाला सांगणार? काय सांगणार? मग मथळा लिहायला घेतला. मला दिसत होतं ना! मी न बघताच दिसत होतं, टेबल, दोन ताटं, तो बसलेला. दोन पालथी ताटं लिहिलं. वाट पाहणारा लिहिलं. आणि पुढे लिहावं लागणार होतं, कोण आलं नाही ते. लिहिताच येईना. त्या जागेवर दुसरं कुणीतरी हवं होतं मला. बातमीत लेक होती." त्यांनी काडी टेबलावर परत ठेवली. "लेक लिहिलं. आणि ते खरं वाटावं म्हणून 'निष्ठुर' लिहिलं. इतक्या वर्षांत पहिलं विशेषण, बाई. ते तिचं नव्हतंच. माझं होतं."

मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटत होतं. दोन्ही एकदम. "मास्तर," मी म्हणाले, "ती मुलगी रोज तो मथळा वाचते. तिला तो पटायला लागलाय."

ते खाली, जमिनीवर बसले.

७

दुरुस्ती छापायला साहेब तयार झाले, पण आतल्या पानावर, चौकटीत, शब्दकोड्याखाली.

"पहिल्या पानावर," मी म्हणाले. "त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत."

"मॅडम, लोक हसतील आपल्याला!"

"हसू द्या. नाहीतर माझ्या जिन्याखाली फोन आहे, आणि समोरच्या पेपरचा नंबर मला तोंडपाठ आहे."

साहेबांनी मला 'कटकट' म्हटलं. या वेळी तोंडावर. मला बरं वाटलं.

मथळा मास्तरांनीच लिहून आणला. 'मित्राला दगा देऊन निरपराध लेकीवर खापर फोडणारा नराधम!'

"नराधम कोण, मास्तर?" मी विचारलं. "तुम्हाला एका संध्याकाळी कंटाळा आला होता. त्याचं हृदय बंद पडलं. तुम्ही समोर बसला असतात तरी पडलंच असतं. हेही खोटंच आहे. आधी तिला सुळावर दिलंत, आता स्वतः चढताय. या बातमीत गुन्हेगार कुणी नाही. तो हवा असतो आपल्याला, मथळा भरायला."

त्यांनी कागद पुढ्यात ओढला. मग पेन घेतलं आणि छाटत गेले. उरलं ते असं छापलं: 'दुसरं ताट मुलीसाठी नव्हतं. आमचा मथळा खोटा होता.' खाली दोन परिच्छेद, मास्तरांच्या सहीने. त्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. आकडेवालीने मला येऊन सांगितलं, पहिला मथळा वाचणाऱ्यांपैकी चौथाईनेही हा वाचला नाही. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. जाताना म्हणाली, माझ्या आईला दुरुस्तीचं कात्रण दिलंय, ती आमच्या गल्लीत दाखवणार आहे.

रविवार उलटल्यावर मी मास्तरांना घेऊन पाळणाघरात गेले. ते फाटकातूनच परत फिरायला बघत होते. मी हाताला धरून आत नेलं. सकाळची वेळ. चार-दोन पोरं परत आलेली होती. पाळणे मात्र बरेचसे रिकामेच होते. ते भरतील की नाही, मला सांगता येणार नाही.

तिने मास्तरांना पोरांच्या बुटक्या स्टुलावर बसवलं. दुसरं आसनच नव्हतं. त्यांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले. मला वाटलं होतं ती ओरडेल. तशी तयारी मास्तरांनीही केली होती.

"त्या दिवशी आला नाहीत तरी आधी इतके बुधवार आलात," ती म्हणाली. "बाबा एकटे नव्हते, एवढं कळलं. तुम्ही माझं जे केलंत ते मी विसरणार नाही, तसं खोटं कशाला बोलू? पण मला झोप लागली काल." मग ती त्यांच्यासमोर खाली बसली. "एकच सांगा. इतकी वर्षं तुम्ही येत होतात. मला त्यांनी कधी सांगितलं का नाही?"

मास्तर माझ्याकडे पाहू लागले. हे मलाही ठाऊक नव्हतं.

"तुमचा फोन यायचा आम्ही जेवत असताना," ते म्हणाले. "तो मला हाताने गप्प राहायला सांगायचा. खुर्ची वाजली तरी डोळे वटारायचा. एकदा मी विचारलं, अरे, चोरून जेवतोय का आपण? तर म्हणाला, तिला कळलं बापाला सोबत आहे, की तिचा फोन कमी होईल. तिच्यामागे पोरांचा एवढा व्याप. बाप एकटा पडलाय म्हणून बिचारी रोज आठवण काढते, तर काढू दे."

तिने पदर तोंडाशी नेला, आणि त्यातून हसू येतंय की रडू ते आम्हाला कळेना.

"अहो, ते एकटे पडले म्हणून कशाला फोन करीन मी?" ती म्हणाली. "संध्याकाळी पोरं गेली की हे घर मला खायला उठतं. त्यांच्याशी बोलल्याशिवाय मला घास जायचा नाही. आणि ते बिचारे समजत होते की मी त्यांच्यासाठी करते."

पाळण्यातलं एक बाळ जागं होऊन रडायला लागलं. ती उठली आणि त्याला घ्यायला आत गेली.